एक डबा जास्त

रॉकेल मिळायचं फाटकापलीकडे,
म्हणून सुरुवात रॉकेलपासूनच करावी लागेल.

खारेगावचं फाटक. साल एकोणऐंशी, नाहीतर ऐंशी.
सायकलच्या दांडीला टॉवेल गुंडाळून त्यावर मला बसवलेलं,
हँडलला पाच लिटरचा डबा,
वडिलांच्या खिशात रेशनकार्ड, घामाने मऊ पडलेलं.

येसू मढवी चाक फिरवायचा.
दांडा खाली येईपर्यंत घंटा वाजत राहायची,
रुसलेल्या माणसाने ताटावर चमचा आपटावा तशी.
लोक घड्याळं बघायचे,
येसूच्या सात पिढ्यांची चौकशी करायचे,
दूधवाला तर किटली सांभाळत दांड्याखालून पार.
वडील मात्र एक पाय टेकून उभे.
वागळे इस्टेटीत दिवसभर लेथपुढे उभा राहिलेला माणूस
इथे पुन्हा खुशीने उभा राहतो,
यात मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

पहिल्यांदा डबा बोलला.
बोगद्याच्या बाजूने काही दिसायच्या, ऐकू यायच्या आधी
त्याची कडी हँडलवर किणकिणली,
आतल्या आत रॉकेल शहारलं.
मग दोन तपकिरी इंजिनं, एकामागे एक,
आणि त्यांच्यामागे मालगाडी,
दारं तारेने बांधलेली, अंगावर खडूचे आकडे.

"मोज," वडील म्हणाले.

घरी ते मला काही सांगत नसत,
विचारत तर नसतच.
मी मोजू लागले.
माझी बोटं संपली, ब्रेकवरची त्यांची बोटं घेतली.
एकोणतीसला अडखळले.
बाई वर्गात सांगायच्या, एकोण म्हणजे एक कमी.
पण कमी कशात, हे सांगायला गाडी थोडीच थांबते.
शेवटच्या डब्यात गार्ड बसला होता,
पेरू खात, मांडीवर मिठाची पुडी.

मी म्हटलं, त्रेचाळीस.
ते म्हणाले, बेचाळीस.

फाटक उघडलं. आम्ही हललो नाही.
मागून टेम्पोवाला ओरडला.
"गार्डाचा धरलास?"
"धरला."
"मीपण धरला. एकोणतीस दोनदा म्हणालीस."
"नाही म्हणाले."
"मग हा मोजला असशील,"
म्हणत त्यांनी हँडलच्या डब्यावर टिचकी मारली
आणि हसले.
त्यांच्या हसण्याला आवाज असतो
हे मला सहाव्या वर्षी कळलं.

आईने विचारलं, एवढा उशीर?
"एक डबा जास्त आला," वडील म्हणाले.
तिने रॉकेलचा डबा कानाशी हलवून बघितला.
"कुठला जास्त? मेल्याने पावशेर कमीच दिलंय."

दुसऱ्या दिवशी रॉकेल आणायचं नव्हतं.
आम्ही गेलो.

आता मी कळंबोलीला राहते.
रविवारी मालधक्क्याजवळच्या पुलावर जाते, छत्री आणि चणे घेऊन.
पोलादाच्या गुंडाळ्या जातात, कंटेनर जातात,
लाल, निळे, कुठल्या कुठल्या बंदरांची नावं मिरवत.
वॉचमन दोनदा विचारून गेला, मॅडम, कुणाची वाट बघताय?
मालगाडीची, म्हटलं.
तो माझ्यापासून जरा लांब उभा राहिला.

एकदा गाडी सिग्नलला थांबली होती.
मी कुंपणापाशी जाऊन गार्डाला विचारलं,
मोजताना तुमचा स्वतःचा डबा धरता का हो?
तो म्हणाला, "बाई, आम्ही कशाला मोजू?
आमच्या हातात कागदच येतो."
मला त्याची कीव आली, अगदी थोडी.

खारेगावला आता वरून पूल आहे.
लोक न थांबता जातात, आणि ते बरंच आहे.
रेशनकार्ड माझ्याकडे आहे.
मागच्या पानावर, साखर-गव्हाच्या नोंदींमध्ये दाटीने,
पेन्सिलीने लिहिलंय ४२.
खाली दोन रेघा,
गणिताच्या उत्तराखाली मारतात तशा.

त्रेचाळीस कुठेच लिहिलेला नाही.

काल पंचावन्न झाले. कदाचित चोपन्न.
एकोणतीसपाशी मी अजून अडखळते,
आणि तेवढ्यात एखादा डबा
न मोजता निघून जातो,
किंवा दोनदा.